वायपर कुरकुरतोय, काचेवर उड्या मारतोय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याच्या बाजूला राहतो, जुनी हॅचबॅक आहे, स्टिल्ट पार्किंग मिळालं नाही म्हणून गाडी बारा महिने उघड्यावर असते. एका पावसाळ्यात दोनदा ब्लेड बदलली तरी वायपरची टर्र टर्र गेली नाही, तेव्हा चिडून हा विषय मुळापासून समजून घेतला. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये कुणाचा वायपर ओरडला की मला लिफ्टमध्ये गाठतात आणि दरवर्षी तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय.

मुळात वायपर आवाज का करतो?

रबर ओल्या काचेवर घसरतं आणि कोरड्या काचेवर चिकटतं. काच अर्धवट ओली असली की धड घसरत नाही आणि धड चिकटतही नाही, म्हणजे चिकटतं, ताणलं जातं, सुटून पुढे उडी मारतं, परत चिकटतं, आणि हे एका सेकंदात कितीतरी वेळा होतं, त्याचाच तो आवाज. फळ्यावर खडू किंचाळतो तेव्हा हेच होत असतं. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच, फक्त ते ऐकायला बरं वाटतं. म्हणूनच धो धो पावसात वायपर गप्प असतो आणि रिमझिममध्ये बोंबलतो. तुरळक थेंब असताना थोडी कुरकुर होणं हा बिघाड नाही, स्पीड कमी करा किंवा इंटरमिटंटवर (थांबून थांबून चालतो त्यावर) टाका, विषय संपला. भरपूर पाऊस असूनही आवाज येतोय किंवा वायपर उड्या मारतोय, तर मात्र पुढचं वाचा.

आवाजावरून दुखणं ओळखता येतं का?

बऱ्यापैकी येतं, फक्त गाडीत गाणी बंद करून नीट ऐका.

बारीक, चिरका आवाज दोन्ही बाजूंना येत असेल तर बहुतेक काचेवर काहीतरी तेलकट थर आहे. थडथडथड असा आवाज येऊन काचेवर फणीने ओढल्यासारखे पाण्याचे पट्टे राहत असतील तर वायपर उडतोय. मग बघायचं की जाताना उडतो, येताना उडतो की दोन्हीकडे. हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे आणि तो कुणीच विचारत नाही. एकाच दिशेला उडत असेल तर नव्वद टक्के आर्मचा, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांडीचा, कोन बिघडलाय किंवा रबर एका बाजूला वाकून बसलंय. दोन्ही दिशांना उडत असेल तर काच किंवा रबर. (नव्वद टक्के हा आपला बोलायचा आकडा, मोजायला गेलो नव्हतो.)

टोकाला पोचून वळताना धप्प असा एकच आवाज येत असेल तर रबराचा संबंध नाही, आर्मचा नट किंवा आतलं लिंकेज (मोटर आणि वायपर जोडणाऱ्या दांड्या) सैल आहे. आणि खरखर म्हणजे वाळूचा कण अडकलाय, ताबडतोब थांबवा, नाहीतर काचेवर अर्धगोल चरा कायमचा.

आधी नवीन ब्लेड टाकून बघू का?

नको. मी हेच केलं होतं. पहिलं ब्लेड टाकलं, चार दिवस शांत, पाचव्या दिवशी परत टर्र. मला वाटलं ब्लेड हलकं लागलं, म्हणून दुसरं महागातलं आणलं, तेही आठवड्याभरात बोलायला लागलं. मग एका रविवारी सकाळी बाल्कनीतून खाली बघत होतो तर आमचा गाडी पुसणारा दादा एकाच फडक्याने आधी डॅशबोर्डला पॉलिश लावत होता, चकाचक करत होता, आणि मग तेच फडकं बादलीत बुचकळून पुढच्या काचेवर फिरवत होता. डॅशबोर्डच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, ते काचेवर बसलं की साध्या पाण्याने जात नाही, आणि वायपर ते रोज थोडं थोडं पसरवतो. म्हणजे मी दोन ब्लेडचे पैसे दिले आणि आजारी होती काच.

तर क्रम असा धरा, आधी काच, मग रबराची धार, मग आर्मचा कोन, मग नट-लिंकेज, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च नाही.

पण माझी गाडी रोज धुतात, काच स्वच्छच दिसते की?

दिसते हो. एक मग पाणी घ्या आणि वरून हळूच काचेवर ओता. पाण्याचा सलग पडदा पसरून खाली आला तर काच खरंच साफ आहे. कुठे थेंब-थेंब, कुठे पडदा, मध्येच नकाशासारखे कोरडे भाग, असं दिसलं तर थर आहे. दुसरी परीक्षा हाताची, काच धुऊन ओली असतानाच भाजीची पातळ पिशवी हातात घालून बोटं काचेवरून हलकी फिरवा. नुसत्या बोटाला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं, बारीक रव्यासारखं काहीतरी लागतं. तो रवा म्हणजे आपलं घोडबंदर. मेट्रोचं आणि टॉवरांचं सिमेंट, गायमुखकडून येणाऱ्या कंटेनर-ट्रेलरचा डिझेलचा काजळीधूर, आणि झाडाखाली पार्किंग असेल तर झाडाचा चिकटा. हा चिकटा झाडावरचे बारीक किडे टाकतात, रेनट्रीखाली गाडी लावणाऱ्यांना विचारा, दाराचं हँडलसुद्धा गुळासारखं लागतं.

मग काच नक्की कशी साफ करायची?

अर्धा तास काढा आणि ऊन नसताना करा, तापलेल्या काचेवर काहीही लावलं तरी ते आधी वाळतं आणि मग तेच पुसत बसावं लागतं.

पहिल्यांदा भरपूर पाणी, नुसतं पाणी, म्हणजे धूळ वाहून जाईल. धुळीवरच फडकं घासलं तर पॉलिश पेपर मारल्यासारखंच आहे. मग कार शाम्पू, नसेल तर भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब बादलीभर पाण्यात, आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापड. धुऊन टाका. इथपर्यंत सगळे करतात.

आता तेलकट थर. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल बेस्ट, मोबाईल रिपेअरच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. ते कापडावर घ्यायचं, काचेवर ओतायचं नाही, कारण ओघळ खाली रंगावर आणि प्लास्टिकवर जातो. एका वेळी वहीच्या पानाएवढा भाग, गोल गोल न घासता सरळ उभे हात, आणि दर दोन-तीन हातांनी कापडाची घडी बदला. कापडावर जो पिवळट-काळा डाग येतो ना तो बघून मला पहिल्यांदा गंमत वाटली आणि मग लाज. कॉलिनसारखा घरचा क्लीनर साध्या मळाला चालतो पण सिलिकॉन एका फटक्यात निघत नाही, दोन-तीनदा करावं लागतं.

पिशवीच्या परीक्षेत रवा लागला असेल तर क्ले बार. कणकेच्या गोळ्यासारखा मिळतो, काच साबणाच्या पाण्याने ओली ठेवायची आणि गोळा हलका सरकवायचा, आधी अडखळतो, मग सुळकन जायला लागतो, म्हणजे झालं. गोळा जमिनीवर पडला तर फेकून द्या, माती चिकटलेल्या गोळ्याने काच घासायची नसते. आणि भांड्याची घासणी, तारेचा काथ्या वगैरे काचेजवळ आणू नका प्लीज.

शेवटी पुन्हा मगभर पाणी ओतून बघा. आणि एक राहिलंच, वायपर खाली टेकतात ना तो काचेचा खालचा पट्टा, तिथे हात पोचत नाही म्हणून तो कुणीच पुसत नाही आणि सगळी घाण तिथेच साठते, ब्लेड दर फेरीला तिथून ताजा माल घेऊन वर येतं. आर्म उचलून तो पट्टा पुसलाच पाहिजे.

काचेवर पांढरे डाग आहेत, कशानेही जात नाहीत

ते क्षारांचे डाग. नवी मुंबईवाल्यांना हा त्रास जरा कमी असावा, मोरबे धरणाचं पाणी आहे, पण आमच्याकडे टँकर येतो, आणि टँकर बोअरवेलचा असला की उन्हात काच धुतल्यावर थेंब वाळून त्यातला चुना काचेवर राहतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, कापड भिजवून काचेवर पाच मिनिटं पसरून ठेवा, मग पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. सिमेंटच्या शिंतोड्यांनाही हेच, लवकर केलं तर. वर्षानुवर्षांचे डाग काचेत मुरलेले असतात, त्यांना सेरियम ऑक्साईडची पॉलिश लागते, ते काम डिटेलिंगवाल्याकडूनच करून घ्या.

वॉशरच्या टाकीत मी शाम्पूची पुडी टाकतो, चालतं ना?

आपल्याकडे सगळेच टाकतात, माझे वडीलपण टाकायचे. पण केसांच्या शाम्पूत केस मऊ लागावेत म्हणून बऱ्याचदा सिलिकॉनच घातलेलं असतं, म्हणजे डॅशबोर्ड पॉलिशचीच पुतणी झाली ती. वर फेस होतो, नोझलमध्ये वाळून बसतो. वॉशर फ्लुइडची छोटी बाटली स्वस्त मिळते, ती आणि घरच्या फिल्टरचं पाणी. टँकरचं पाणी टाकीत घालू नका, नोझलचं भोक आधीच सुईच्या टोकाएवढं असतं. तुंबलंच तर बारीक टाचणी, अलगद.

रबर गेलंय हे कसं ओळखायचं?

आर्म उचला, ओलं पांढरं कापड दोन बोटांत धरून धारेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. काळं येईल, परत ओढा, काळं येणं कमी होईपर्यंत. बरेचदा एवढ्यानेच अर्धा आवाज जातो. मग नखाने धार हळूच एकीकडे ढकला, सोडा, सरळ उभी राहायला हवी. एकीकडे झुकलेलीच राहिली तर तिला वळण बसलंय. हे आपल्याकडे फार होतं कारण आपला वायपर चार महिने काम करतो आणि ऑक्टोबरपासून जूनपर्यंत आठ महिने उन्हात एकाच कुशीवर झोपून असतो, रबराला तीच सवय लागते, आणि मृगाचा पहिला पाऊस आला की एका दिशेला गुमान जातो, परत येताना थडथड.

धारेला खाचा पडल्यात, टोकाला रबर फाटून लोंबतंय, वाकवल्यावर बारीक चिरा दिसतात, तर मग साफसफाईत वेळ घालवू नका, बदला. साधारण सहा महिने ते वर्ष हे रबराचं आयुष्य, उघड्यावरच्या गाडीचं कमीच धरा.

खोबरेल तेल लावलं तर? डब्ल्यूडी-४०? पेट्रोल?

खोबरेलाने दोन दिवस आवाज बंद होतो आणि तिसऱ्या दिवशी रात्री समोरच्या गाडीच्या हेडलाइटमध्ये अख्खी काच इंद्रधनुष्य होते. डब्ल्यूडी-४० तेच, थोड्या ऐटीत. पेट्रोल आणि थिनरने रबर फुगतं, शिवाय चांगल्या ब्लेडच्या धारेवर ग्रॅफाइटचा पातळ थर असतो, घसरायला सोपं जावं म्हणून, तो निघून जातो. पॉलिश पेपरने धार घासायचा सल्लापण फिरत असतो. कारखान्यात ती धार एकदम काटकोनात कापलेली असते, आपण घासून ती गोल करतो. एखादी फेरी मारण्यापुरतं ठीक, उपाय म्हणून नाही.

नवीन ब्लेड लावलं आणि पहिल्याच दिवशी आवाज. फसवलं का दुकानदाराने?

रबरावरची प्लास्टिकची पट्टी काढली का? हसू नका, आमच्या डी विंगच्या काकांनी ती पट्टी ठेवूनच वाशीपर्यंत गाडी नेली होती, ऐरोली ब्रिजवर त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ती धार जपायला लावलेली असते, ओढून काढायची.

ती काढली असेल तर बघा साइज बरोबर आहे का, लांब ब्लेड काचेच्या कडेवर चढतं किंवा दुसऱ्याला धडकतं. आर्मच्या टोकाच्या हुकमध्ये टक् असा आवाज येऊन बसलंय का ते बघा. तरीही आवाज येत असेल तर काच नाहीतर कोन, दुकानदार बिचारा निर्दोष.

आर्मचा कोन म्हणजे काय भानगड आहे?

हा भाग नीट वाचा, बहुतेक गॅरेजमध्ये हे बघतच नाहीत, सरळ ब्लेडचा बॉक्स काढतात.

बाथरूममध्ये लादीचं पाणी काढायचा वायपर असतो ना, तो हातात घ्या. दांडा आपल्याकडे झुकवून ओढलात तर रबर मागे लोळत येतं, पाणी गुपचूप येतं. आता दांडा तसाच झुकलेला ठेवून तोच वायपर पुढे ढकला. टण टण टण उड्या मारतो की नाही? गाडीच्या वायपरचं अगदी तेच. रबराची धार नेहमी मागे लोळत गेली पाहिजे आणि दिशा बदलली की तिने कूस बदलली पाहिजे, वळताना हलकासा टप् आवाज येतो तो तिचाच. आर्मला पीळ पडला असेल, म्हणजे ब्लेड काचेवर सरळ उभं नसून एका बाजूला कललेलं असेल, तर एका दिशेला धार छान लोळते आणि दुसऱ्या दिशेला नांगरासारखी काचेत रुतते.

पीळ पडतो कसा? ऑटोमॅटिक वॉशमध्ये, पोरांनी क्रिकेट खेळताना ओढल्यामुळे, गाडीवर कव्हर घालताना अडकून, किंवा कुणीतरी पार्किंगच्या भांडणात रागाने वाकवल्यामुळे. माझा कसा वाकला ते अजून कळलेलं नाही, संशय आहे, नाव घेत नाही.

तपासायचं असं. वायपर चालू करा आणि काचेच्या मधोमध आला की इग्निशन बंद करा, तिथेच थांबेल (काही नव्या गाड्यांत वायपर आपोआप खाली जातो, त्यांना वायपर वर थांबवायची सर्व्हिस पोझिशन असते, मॅन्युअलमध्ये बघा). आता बोनेटच्या बाजूने, डोळा काचेच्या पातळीला आणून, ब्लेडच्या टोकाकडून बघा. ब्लेड काचेला काटकोनात उभं दिसलं पाहिजे. नीट कळत नसेल तर ब्लेड काढा, आर्मखाली काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवा, आणि आर्मच्या हुकची चपटी बाजू बघा, ती काचेला समांतर हवी.

तिरकी असेल तर दोन पक्कडी लागतात, किंवा एक पक्कड आणि एक ॲडजस्टेबल पाना. दोन्हींच्या जबड्यात कापड. आर्म उभा करून एकाने खालचा भाग घट्ट धरायचा, दुसऱ्याने हुकजवळचा पट्टीचा भाग किंचित पिळायचा. किंचित म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सरकतो त्याच्याही निम्मा. ब्लेड लावा, काच ओली करा, चालवून बघा. उडायची दिशा बदलली तर जास्त पिळलंत, थोडं मागे या. मला चार वेळा करावं लागलं, चौथ्या वेळी वायपर असा काही गप्प झाला की मी बंद पडला की काय म्हणून वाकून बघितलं. आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि आर्म प्लास्टिकच्या आवरणाचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर पिळू नका, तो वाकत नाही, तुटतो, सरळ नवा आर्म.

टोकाला धप्प आवाज येतो त्याचं काय?

आर्म हाताने धरून हलवा. मुळाशी खुळखुळत असेल तर प्लास्टिकची टोपी काढून नट आवळा, गाडीप्रमाणे १० ते १४ नंबरचा पाना लागतो. आवळण्याआधी ब्लेड कुठे टेकतंय तिथे काचेवर टेपची खूण करा, नाहीतर आर्म एखादा दाता पुढे बसतो आणि ब्लेड काचेच्या बाजूच्या खांबावर आपटतं. फार जोर लावू नका, आतले दाते घासले तर आर्म गेला.

नट घट्ट आहे तरी धप्प, किंवा एक वायपर चालतो आणि दुसरा झोपून राहतो, तर काचेखालच्या जाळीच्या आत लिंकेजच्या दांड्या आहेत, त्यांच्या गोळ्यांवरच्या प्लास्टिकच्या वाट्या झिजल्यात किंवा निसटल्यात. ते गॅरेजचं काम, करून घेताना जाळीखालचा गुलमोहराचा पाला काढायला सांगा, पाण्याची वाट तुंबली की सगळं तिथेच गंजतं.

कुठलं ब्लेड घेऊ?

साइज इंचात असते, ड्रायव्हरची आणि बाजूची बहुतेक वेगवेगळी, मॅन्युअलमध्ये बघा किंवा जुनं ब्लेड टेपने मोजा. तीन प्रकार. लोखंडी सांगाड्याचं जुनं, स्वस्त, काच सपाट असेल तर अजूनही चांगलं, पण सांध्यांत चिखल बसला की कडक होतं. फ्लॅट, आत वाकलेली पोलादी पट्टी, दाब सगळीकडे सारखा, स्पीडला उचललं जात नाही, पण त्याची वाकण तुमच्या काचेशी जुळली नाही तर टोकं हवेत राहतात. आणि हायब्रिड, सांगाडा पण वर झाकण. बॉश, व्हॅलिओ वगैरे सहज मिळतात. माझं मत विचाराल तर गाडीवर कंपनीने जो प्रकार लावून दिला होता तोच घ्या. नुसतं रबर बदलायचं रिफिलपण मिळतं, सांगाडा धड असेल तर झकास काम होतं, फक्त जुन्या रबरातल्या दोन पोलादी पट्ट्या काढून नव्यात घालायला विसरू नका आणि त्यांची वाकण काचेकडे.

ब्लेड घरी बदलता येतं का?

पाच मिनिटांचं काम. हुकजवळचा खटका दाबायचा, ब्लेड आर्मच्या मुळाकडे सरकवायचं, सुटतं. पण त्याआधी काचेवर टॉवेल. ब्लेड काढलेला नागडा आर्म स्प्रिंगने खाडकन काचेवर आपटला तर काच तडकते. मी टॉवेल न ठेवता "एका मिनिटाचं तर आहे" म्हणून केलं, हात सुटला, ठक्, आणि बरोबर डोळ्यासमोर रुपयाच्या नाण्याएवढी चांदणी. इन्शुरन्समध्ये काचेवर घसारा कापत नाहीत हे खरं, पण क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, म्हणून मी चांदणी तशीच रेझिन भरून घेतली. अजून दिसते. रोज.

पाम बीच रोडला स्पीड पकडला की मधला भाग पुसलाच जात नाही

वाऱ्याने ब्लेड उचललं जातंय. सांगाड्याचं असेल तर फ्लॅट लावून बघा. तरी तेच असेल तर आर्मची स्प्रिंग ढिली झाली, जुन्या गाड्यांत होते, सांध्यात ग्रीसचा थेंब टाकून बघा, नाहीतर आर्म बदला.

वायपर मस्त चालतोय तरी काच धुरकटच

बोटाने बघा धूसरपणा आत आहे की बाहेर. आत असेल तर एसी चालू करून डिफॉगर, आणि कधीतरी काच आतून अल्कोहोलने पुसा, उन्हात डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघालेली वाफ तिथे बसलेली असते. बाहेर असेल तर एसी जास्त थंड केलाय. आपल्या दमट हवेत बर्फाच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं तसं काचेलाही सुटतं, वायपर पुसतो, दोन सेकंदांत परत येतं, माणूस वायपरला शिव्या घालतो. एसीचं तापमान वाढवा, झोत काचेवरून पायाकडे वळवा.

रेन-एक्ससारखं पाणी झटकणारं कोटिंग मारू का?

हायवेला भारी वाटतं, थेंब आपोआप पळतात. पण गावात कमी स्पीडला, आणि कोटिंग ठिकठिकाणी झिजल्यावर, अर्धी काच निसरडी आणि अर्धी चिकट होते, मग वायपर उडतो. मारायचं तर आधी काच वर सांगितल्यासारखी पूर्ण साफ, आणि झिजल्यावर पूर्ण काढून नव्याने. बॉडीला सिरॅमिक कोटिंग करताना पुढच्या काचेवरही हात फिरवू का विचारतात, नाही म्हणा.

उन्हाळ्यात वायपर उभे करून ठेवायचे का?

मी ठेवत नाही. स्प्रिंग सतत ताणलेली राहते आणि सोसायटीतली पोरं. आठवड्यातून एकदा वॉशर मारून दोन फेऱ्या चालवतो, रबर कूस बदलतं, तेवढं पुरतं. कोरड्या धुळीवर मात्र कधीच चालवू नका.

वायपर खराब म्हणून पोलीस पकडतात का?

पकडलेलं मी तरी बघितलं नाही. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये नियम १०१ वायपरचाच आहे, चालू स्थितीतला वायपर गाडीला असलाच पाहिजे. १५ वर्षं झालेल्या गाडीच्या रिन्यूअलला आरटीओत गेलात तर वायपर चालवून दाखवायची तयारी ठेवा.

माळशेजला भर पावसात वायपर बंद पडला तर?

आधी फ्यूज बघा. ड्रायव्हरच्या बाजूचं फक्त रबर फाटलं असेल तर बाजूचं ब्लेड काढून इकडे लावा, थोडं आखूड असलं तरी चालतं. काहीच जमत नसेल तर ट्रकवाल्यांचा जुना उपाय, ओल्या काचेवर बाहेरून तंबाखू चोळायची, नाहीतर बटाटा अर्धा कापून. थेंब न बनता पाणी पसरतं आणि थोडा वेळ दिसतं. तेवढ्या वेळात सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यायची, तंबाखूच्या भरवशावर घाट उतरायचा नाही. घरी आल्यावर काच धुवा, वास येतो.

मागचा वायपर?

सगळं तेच, फक्त तो पावसाळ्यातसुद्धा कुणी लावत नाही म्हणून आणखी लवकर कडक होतो.

गाडी पुसणाऱ्याला फडक्याचं कसं सांगू, राग येईल त्याला

मलापण अवघड वाटलं होतं, एका सकाळी चाळीस गाड्या पुसतो बिचारा. मी दोन पिवळी मायक्रोफायबर आणून दिली, म्हटलं दादा ही फक्त काचेला, आणि डॅशबोर्डला हातच लावू नको, तुझं काम कमी. तो खूश झाला. महिनाभर काच एकदम झकास होती. मग एक दिवस खाली गेलो तर एक पिवळं फडकं त्याच्या बाईकच्या सीटवर वाळत होतं आणि दुसरं डी विंगच्या काकांच्या डॅशबोर्डवर. आता मी फडकी डिकीत कुलपात ठेवतो आणि पुढची काच रविवारी स्वतः पुसतो.